फळीवरचा क्लच

४ जानेवारी

चि. छोटूस,
अ. आ. तुझी साठी उलटली तरी माझ्यासाठी तू छोटूच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

तू दिलेल्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अखेर गेला. चौकातल्या चढावर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. वीस वर्षांच्या या मॉडेलला तसला बॉक्स आता शोधून मिळत नाही. पण माझी मेकॅनिक म्हणते की हेच मॉडेल, पण गिअरचं, भंगारात पडलंय आणि त्याचा बॉक्स ठणठणीत आहे. तोच माझ्या गाडीत बसवायचा. क्लचचं पेडलही त्याचंच. ही मेकॅनिक म्हणजे माझीच विद्यार्थिनी, पहिल्याच दिवशी कुंपण पाडणारी. आठवते ना?

गाडी अजून तुझ्या नावावर आहे, म्हणून बदलाच्या अर्जावर तुझी सही लागते. अर्ज सोबत आहे. मुकाट्याने सही करून पाठव.

लोभ आहेच, तो वाढवायचा की आटवायचा ते तुझी सही ठरवेल.

तुझी,
अक्का

१२ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अर्ज कोराच परत पाठवतोय. तुझ्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलून जेमतेम आठ महिने झालेत. क्लच डाव्या पायाने दाबतात हे तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या बाईला मी सांगायचं का? म्हणून तर माझी ऑटोमॅटिक तुला दिली होती. माझा उभा जन्म विमा कंपनीत अपघातांचे कागद वाचण्यात गेला. पाय वेळेवर हलला नाही, हे वाक्य मी किती जणांच्या जबाबात वाचलंय! तुझ्या नावाखाली ते वाचायची माझ्यात हिंमत नाही, अक्का.

जुन्या गाड्या घेणारा एक माणूस पाहून ठेवलाय, तो बंद गाडीही उचलतो. तुला कुठे जायचं असेल तर तुझी लेक आहे, आम्ही आहोत, नेऊ-आणू. मला जिना झेपेना म्हणून मीही परवाच पलंग खालच्या खोलीत आणवला. वय झालं हे मान्य करण्यात कसला आलाय कमीपणा?

रागव, पण बोलणं बंद करू नकोस.

तुझा,
छोटू

२० जानेवारी

चि. छोटूस,
अ. आ. (रागातले, पण खरे.)

अर्ज पुन्हा पाठवतेय.

नेऊ-आणू म्हणे! गाडी बंद पडल्यापासून तेच चाललंय. लेक बिचारी कामातून धावत येते, म्हणून मी अर्धा तास आधीच पिशवी धरून दारात उभी. परवा वाटेत मैत्रिणीचं घर लागलं. दोन मिनिटं थांबू या, एवढं म्हणायची मला चोरी झाली. अरे, मी काय पार्सल आहे? निम्म्या गावाला गाडी मी शिकवली आणि आता मागच्या सीटवर बसून सगळ्याला चालेल, चालेल म्हणू? नाही म्हणजे नाही.

डॉक्टरांना सरळ विचारलं. पायात जोर आला तर गिअरची चालवा, पण मी तपासल्याशिवाय नाही, असं म्हणाले. मेकॅनिक त्यांच्याहून खट. तिने भंगारातल्या गाडीचं क्लचचं पेडल काढून, स्प्रिंग लावून एका जाड फळीवर ठोकलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलाखाली आणून ठेवलं. मॅडम, सलग साठ वेळा पुरतं दाबाल त्या दिवशी बॉक्स बसवीन, असं मलाच बजावून गेली! पहिल्या दिवशी नऊ झाले आणि मी रडले. हो, रडले. मग डोळे पुसून दहावा मारला, पण तो सलग नव्हता, म्हणून नऊच धरले. रोजचा आकडा टेबलाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहितेय.

सही कर.

अक्का

२२ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अ. आ.

साठ झाले! डॉक्टरांनी माझ्या तळव्याला हात लावून ढकला म्हटलं, तर तेच दोन पावलं मागे गेले. त्यांच्या पत्राची नक्कल सोबत आहे. ती वाच आणि मग नाही म्हणून दाखव.

बॉक्स बसला, गाडी अंगणात उभी आहे. हँडब्रेकची केबल यायचीय म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवलीय. क्लच न दाबता किल्ली फिरवली तर गाडी उडी मारेल. ते होऊ नये म्हणून एक स्विच असतो, तो जोडायचाय. तोवर स्टिअरिंगला मेकॅनिकची चिठ्ठी टांगलीय. तुझ्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणार नाही असा शब्द मी तिला दिलाय, आणि मी शब्द पाळते. पण अर्ज तुला दर आठवड्याला येत राहील. पोस्टमन दमेल, मी नाही दमणार.

अक्का

१ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. आज नमस्कार जरा जास्तच वाकून.

तुझ्या दारापुढच्या दोन कुंड्या फोडणारा चोर मी. शेजाऱ्यांवर संशय घेऊ नकोस.

काल सकाळी तू डॉक्टरांकडे गेलेली असणार हे पाहूनच आलो. गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे होतीच, तुझ्या घराचीही. गाडी परस्पर त्या जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे पोचवायची, मग तू काय आदळआपट करायची ती कर, असं ठरवून आलो होतो. लाज वाटते लिहायला. चिठ्ठी बघितली, बाजूला सारली. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्याला कसली चिठ्ठी! पण सवय ऑटोमॅटिकची. किल्ली फिरवली आणि गाडीने अशी उडी मारली की कुंड्या गेल्या, बंपर फाटकाच्या खांबाला टेकला. माझा डावा पाय खाली नुसता पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पाय वेळेवर हलला नाही, अक्का. माझा.

पाणी प्यायला तुझ्या स्वयंपाकघरात गेलो, तर टेबलाखाली फळी. बसलो आणि दाबायला लागलो. अकराव्याला मांडी थरथरली. शेजारी भिंतीवर तुझे आकडे. नऊपासून साठपर्यंत सगळे वाचले. मधे चार दिवस चौदाच होते, तरी तू पाचव्या दिवशी बसलीस.

अर्ज सही करून सोबत पाठवतोय. गाडी तुझ्या नावावर करायच्या कागदावरही सही केलीय. गाडीची किल्ली पाकिटात आहे. कुंड्यांचं माझ्या बायकोला सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल.

छोटू

८ मार्च

चि. छोटूस,
अ. आ., भरभरून.

तुझ्या बायकोला मी कालच फोन करून सगळं सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला.

काल नोंदणी कार्यालयातल्या साहेबाने गाडी तपासली, शिक्का मारला. स्विच जोडला, केबल बसली. येताना मुद्दाम त्याच चौकातल्या चढावर थांबले, पहिला टाकला, क्लच सोडला, आणि इंचभरही मागे न जाता वर चढले. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. मीच वाजवला, उगाच! मग मैत्रिणीकडे थांबले, दोन मिनिटं नाही, चांगले दोन तास. बंपरचा पोचा काढणार नाहीये. राहू दे तुझी आठवण.

आता तुझं. अकरा म्हणजे माझ्या पहिल्या दिवसापेक्षा दोन जास्त, म्हणजे तू अगदीच कामातून गेलेला नाहीस. रविवारी मी येतेय. कुणी आणणार नाही, मीच येतेय. डिकीत फळी आहे, ती आता तुझ्या टेबलाखाली राहील. पेन्सिल तुझी तू आण.

आणि पलंग पुन्हा वर चढवायला दोन माणसं सांगून ठेव. त्यांना तारीख मात्र देऊ नकोस. साठ झाले की मी कळवीन.

तुझी हट्टी,
अक्का