बुडाखाली गादी, हातात गाडी

प्रिय दादा,

आधी पोटभर हसून घे. आज मी जुन्या धावपट्टीवर दोन स्पोर्ट्स कार चालवल्या, आणि त्याही बुडाखाली आईच्या दिवाणावरची जाडजूड गादी घेऊन. डोकं छताला घासत होतं. गॅरेजवाले काका म्हणाले, एवढी वर्षं शर्यती मारून आता सीट टोचायला लागली का तुला? हसू दे म्हटलं. दोन्हींतली एकच संध्याकाळपर्यंत निवडायची होती, दुसरी उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणार. माझ्या हातून चूक होऊन चालणार नव्हतं.

पहिली तांबडी. हो, तीच! तुझ्या भिंतीवर जिचं चित्र पिवळं पडेपर्यंत होतं, ती. इंजिन पाठीशी. आधी गादीशिवाय चालवली. काय पळते रे! नुसतं डिवचायचा अवकाश, अंगावर काटा येतो. वळायचं मनात येतंय तोवर नाक वळलेलं असतं. मागची चाकं सुटायला लागली की ते आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. मी गरागरा फिरले, वळणांच्या खुणेला मांडलेले शंकू उडाले आणि एकटीच मोठ्याने हसले. स्टीअरिंग मात्र हलकं आणि घुमं. ही बया सगळं सीटला सांगते, हातांना काही नाही. मग गादी घेतली तर मी ठार बहिरीच झाले. मागचं सुटलंय हे शंकू आडवे झाल्यावर कळलं.

मग करडी. लांब नाकाची, इंजिन पुढे, वयाने थोरली, लग्नाला निघालेल्या आत्यासारखी ठाकठीक. सरळ रस्त्यावर तांबडी तिला सहज पाणी पाजेल. वळायला कुरकुर करते. पण दादा, तिचं स्टीअरिंग! जड आहे, मनगटं भरून येतात, पण रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळतो. पुढची चाकं घसरणार असली की ते आधीच सैल पडतं. मागची सुटली की आपणहून उलटं फिरू पाहतं. गादी असो नसो, तिला काही फरक पडत नाही. फेरीमागून फेरी मारली, एक शंकू पडला नाही. काकांचं हसणं थांबलं.

बाबांचा खेळ आठवतो? दिवसभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवायचे आणि रविवारी आपल्याला. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी डोळे मिटून सांगायचं, कुठलं चाक काय करतंय. मी रडीचा डाव खेळून डोळे किलकिले करायचे, तरी तूच जिंकायचास. 

अपघातानंतर तुला कमरेखालचं काही कळत नाही म्हटल्यावर तू म्हणालास, "आता गाडी म्हणजे खोकं. आतलं सामान मी." तेव्हापासून गाडीचं नाव निघालं की तू विषय बदलतोस. मीही तुझ्यासमोर शर्यतींच्या गप्पा मारणं सोडलं. पण गेल्या आठवड्यात वहिनी तुला तपासणीला नेत होती. तू मागे डोळे मिटून बसलेला, हात दारावर. तिला वाटलं, डोळा लागला. आणि तू पुटपुटलास की मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. उतरून बघितलं तर खरंच कमी होती. तिने हे भाजी निवडता निवडता सहज सांगितलं, माझी मात्र झोप उडाली. तू ते दाराच्या पत्र्यावरून ओळखलंस, दादा. तळहाताने.

म्हणून ती गादी. तुला जे कळणार नाही, ते मलाही कळू नये म्हणून. तांबडी तुझं स्वप्न आहे हे ठाऊक असून मी ती जाऊ दिली, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. करडी आपली झाली. गिअर तिचे तीच बदलते, आणि वेग न् ब्रेक दोन्ही हाताने चालतील असा दांडा काका बसवताहेत. रविवारी धावपट्टीवर आणते. चालवायची तू. मी शेजारी बसेन, डोळे मिटून, आणि या खेपेला किलकिले करणार नाही.

तुझीच,
भिंगरी