वाजंत्रीवाचून लागलेल्या लग्नाची साक्ष

श्री वैजनाथ प्रसन्न

लिहून ठेवणार मी, उमाबाई, मयत शिवलिंगप्पा यांची विधवा, जात लिंगायत वाणी, राहणार परळी, तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड, इलाखा सरकारे आली निजाम. माझ्या पोटात गाठ आहे आणि ती आता मला अंथरुणावरून उठू देत नाही. डोळ्यांना कमी दिसते. बुद्धी मात्र जागेवर आहे. लिहिणारे उत्तरेश्वर अर्जनवीस यांनी मला आजचा वार, माझ्या सासऱ्यांचे नाव आणि घरातल्या भांड्यांची जागा विचारून खात्री करून घेतली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. जे सांगते ते माझ्या मनाने सांगते आणि मी गेल्यावर ते असेच अमलात यावे.

कलम १. माझी मिळकत एकच. बाजारामागच्या बोळातील दुमजली इमारतीचा खालचा अर्धा भाग, दोन खोल्या, न्हाणी व पुढचा ओटा. माझ्या माहेरचे सोने मोडून ही जागा माझ्याच नावे घेतलेली आहे. त्यात सासरच्या कोणाचा हिस्सा नाही. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस बोळ. पश्चिमेस तात्याबा पत्रेवाला यांची खोली व कारखाना. उत्तरेस सर्वांचे सामाईक अंगण. दक्षिणेस विहीर. वर बद्रीनाथ पाटील यांचे बिऱ्हाड.

अर्जनवीस म्हणाले, "उमाबाई, चतुःसीमेत 'वर' लिहीत न्हाईत."

मी म्हटले, "तुमी लिवा. चारी बाजू मला कधी कळल्या न्हाईत. कळली ती वरचीच."

कारण आमच्या डोक्यावर माळवद नाही, लाकडी तक्तपोशी आहे. वरचे पाऊल खाली छातीवर पडते. बद्रीनाथ यांची बायको सुंदरबाई पहाटे जाते मांडायची आणि आमच्या दुधात माती गळायची. पोरे धावायची. पाटा सरकायचा. मी मुसळाने तक्तपोशी ठोकायची. ती वरून टाच आपटायची. एकदा मी अंगणातून ओरडले, "पाय हाईत का खुरं?" ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "पाय काढून खुंटीला टांगू का तुमच्यासाठी?" पश्चिमेला तात्याबा दिवसभर रॉकेलचे डबे कापून, ठोकून चाळण्या, नरसाळी करायचा. त्याच्यावर मी पोलिसांच्या अमीनसाहेबांकडे तक्रार दिली, माझ्या ओट्यावर बसायला बंदी आणली. सुंदरबाईशी बोलणे टाकले. एका जिन्याच्या दोन टोकांना राहून आम्ही वर्षानुवर्षे एकमेकींचे तोंड पाहिले नाही.

आमच्या पोरींनी मात्र हे मानले नाही. माझी एकुलती एक शिवकांता आणि सुंदरबाईची छबू जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून सागरगोटे खेळायच्या. शिवकांता मोठी. छबूची वेणी तीच घालायची. वरून सुंदरबाई हाक मारायची, खालून मी. दोघीही हलायच्या नाहीत.

कलम २. माझी खालची सर्व जागा, ओटा सोडून, मी छबुबाई हिला देते. बद्रीनाथ यांची मुलगी, धर्मापुरीच्या बिभीषण विठ्ठलराव याची लग्नाची बायको. तिने ती वापरावी, भाड्याने द्यावी, विकावी. जात वेगळी म्हणून कोणी आडवे येऊ नये.

'लग्नाची बायको' हे शब्द अर्जनवीसांनी दोनदा वाचून दाखवले. मी म्हटले, ते तसेच राहू द्या. त्याच शब्दांसाठी मी हे मृत्युपत्र करते आहे.

आठ-दहा वर्षे नांदवून बिभीषणने छबुबाईला माहेरी आणून सोडले. मूल झाले नाही हे निमित्त. दुसरी केली. बद्रीनाथ यांनी मोमिनाबादच्या अदालतीत अन्नवस्त्राचा दावा लावला. त्यावर विठ्ठलराव आणि बिभीषण यांनी जबाबदावा दिला आहे की हे लग्न झालेच नाही. वाजंत्री वाजली नाही, वरात निघाली नाही, परळीत कोणाच्या कानावर काही आले नाही, सबब छबुबाई ही नुसती ठेवलेली बाई होती. मला अदालतीपर्यंत बैलगाडीत नेता येणार नाही. तारखेपर्यंत मी राहीन असेही वाटत नाही. म्हणून जे झाले ते येथे सांगते. हीच माझी साक्ष समजावी.

कलम ३. शिवकांताला घाटनांदूरला दिली होती. छबूच्या लग्नाच्या वर्षी चैत्रात ती माहेरी आली. गाडीतून उतरताना तिच्या पायात गंजका खिळा गेला. आम्ही हळद भरली, फडके बांधले, आणि पोरगी चालूफिरू लागली म्हणून विसरलो. वैशाख लागला तेव्हा एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, दातखीळ बसल्यागत होतंय." दुसऱ्या दिवशी मान ताठली. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर घरी आले. पाहिले आणि मला ओट्यावर घेऊन गेले.

"धनुर्वात हाय. खोलीत अंधार ठेवा. तिला हलवू नका, दुसरीकडं न्यायचं तर मनातपण आणू नका. आन् आवाज होऊ देऊ नका. भांडं पडलं तरी झटका येईल. एखाद्या झटक्यात दम अडकंल."

मी विचारले, "वाचंल का?"

ते म्हणाले, "शांतता मिळाली तर सांगता येतं."

तेवढ्यात वर पाटा सरकला. आत माझ्या लेकीची कंबर अंथरुणापासून उचलली गेली, धनुष्य ताणावे तशी. तोंडातून हाक निघेना. शुद्ध मात्र पुरती होती. डोळे माझ्याकडेच. झटका सुटल्यावर ती दातांतून म्हणाली, "आई, छबीच्या लग्नाचं वाटण चाललंय नव्हं?"

अंगणात मांडव पडलेला होता. देवक बसले होते. लग्न परवावर आले होते.

मी जिना चढले. वरचे घर पाहुण्या बायांनी भरलेले. मला पाहून जात्यावरचे गाणे थांबले. सुंदरबाई उठलीसुद्धा नाही. "आज कावून आलात? मुसळ मोडलं का?"

मी म्हटले, "सुंदरबाई, माझी शिवी मरती हो. आवाजानं मरती."

ती माझ्या मागे खाली आली. उंबऱ्यात उभी राहिली. अंधारात दिसेना म्हणून तिने चौकटीला हात टेकला, तेवढ्याने हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. शिवकांता पुन्हा ताणली गेली. सुंदरबाईने ते पाहिले. तिने आपल्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला, नव्या लुगड्याचा, लेकीच्या लग्नाचे लुगडे होते ते, आणि चिंध्या करून दोन्ही हातांच्या बांगड्यांवर गुंडाळल्या. मग वर गेली. थोड्या वेळाने मी अंगणात आले तर पाहुण्या बाया ओळीने जिना उतरत होत्या, अनवाणी, प्रत्येकीच्या मनगटावर चिंधी. जाते, पाटा, उखळ उचलून त्या देवळाच्या ओवरीत गेल्या. वर तक्तपोशीवर घरातल्या साऱ्या गोधड्या अंथरल्या. पोरांना मामाच्या गावी लावून दिले.

बद्रीनाथ मला म्हणाले, "ताई, देवक बसल्यावर मांडव हलवता येत न्हाई. तिथीबी आता बदलत न्हाई. पण आवाज होणार न्हाई, हा माझा शब्द."

तात्याबाने मी न सांगताच कारखान्याला कुलूप घातले. तो बोळाच्या तोंडाशी खाटले टाकून बसला. येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला हात जोडायचा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडायचा आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन परत बांधायचा. ज्या माणसावर मी अमीन आणला होता तोच हा माणूस.

कलम ४. लग्नाच्या दिवशी धर्मापुरीचे वऱ्हाड वाजत आले. तात्याबा आडवा झाला. नवऱ्याचा बाप विठ्ठलराव घोड्यावरून उतरला आणि तापला. "माझ्या पोराचं लगीन हाय का मयत? बिनवाजंत्रीचा काय विधवेचा पाट लावायचाय का?"

बद्रीनाथ यांनी पागोटे काढले आणि त्याच्या पायांवर ठेवले. म्हणाले, "खाली एक लेकरू हाय. तुमी येकदा बघा, मग वाजवा."

विठ्ठलराव माझ्या दारापर्यंत आला. मी पडदा बाजूला केला. त्याने आत पाहिले. जोडे तिथेच काढले. परत बोळाच्या तोंडाशी गेला, आणि सनईवाला विचारत होता, "मालक, हळू वाजवू का?" तर विठ्ठलरावाने स्वतःचे उपरणे काढून सनईच्या तोंडात कोंबले. हे मी ओट्यावरून पाहिले आहे.

त्या दिवशी तो माणूस चांगला वागला. अर्जनवीस, हेही लिहा. त्याच्याविरुद्ध साक्ष देते म्हणून त्याचे चांगले गाळायचे कारण नाही.

मग लग्न लागले. अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टके ओठांतल्या ओठांत म्हटली, शेजारच्याला ऐकू येतील एवढीच. दोनशे माणसांत कोणी खोकला नाही. शिवकांता मला म्हणाली, "आई, तू जा. माझ्या नावानं अक्षता टाक." मी विधवा, मांडवात पुढे व्हायची नाही. मागे खांबाला धरून उभी होते. सुंदरबाईने मला दंडाला धरून पुढे आणले आणि माझ्या मुठीत अक्षता घातल्या. "तुमी टाका. तुमच्यामुळं नव्हं, तुमच्यासाठी हाय हे."

मी अक्षता टाकल्या. अंतरपाट दूर झाला. बिभीषणने छबूच्या गळ्यात मंगळसूत्र बांधले, कन्यादान झाले, होम झाला, सप्तपदी झाली. छबू सातही पावले अनवाणी, टाचा उचलून चालली. जोडवी वाजू नयेत म्हणून तिने बोटांत कापूस घातला होता. निरोप घेताना ती रडली तीही पदर तोंडात धरून. माझ्या खोलीत येऊन शिवकांताच्या पायाशी डोके टेकवून गेली. शिवकांताला त्या दिवशी झटका आला नाही. ती झोपली. मला वाटले, वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तेव्हा काही आवाज झाला नव्हता. कोठेच झाला नव्हता.

तिसऱ्या दिवसाची पूजा झाल्यावर सुंदरबाई जिन्यावरून खाली आली. मधल्या पायरीवर थांबून म्हणाली, "उमाबाई, जातं मांडू का आता?" मी म्हटले, "मांडा." ती तिथेच बसून रडली. मला त्या दिवशी रडू आले नाही, पुढे फार दिवसांनी आले. सुंदरबाई मागच्या पटकीच्या साथीत गेली. छबूला सासरी 'मुकी नवरी' म्हणून टोचतात, मूल होत नाही याचा दोष त्या लग्नाला लावतात, हे तिने जिवंतपणी मला कधी सांगितले नाही. मला ते छबू परत आल्यावर कळले.

कलम ५. माझा पुतण्या विरुपाक्ष यास माझ्या पतीच्या दुकानाचा तराजू व वजने द्यावीत. आणखी काही देऊ नये. तो मागच्या बोळात राहतो. त्याने अदालतीत हलफ घेऊन सांगितले की, "मी घरीच होतो, त्या दिवशी मी लग्नाचा काही आवाज ऐकला नाही." हे खरे आहे. कोणीच ऐकला नाही. पण तो मांडवात पंगतीला बसला होता आणि पत्रावळीवर बुंदी दोनदा मागितली होती, खुणेने. विठ्ठलरावांचे धान्य त्याच्या आडतीवर येते. विरुपाक्षाने माझ्या मयताला खांदा द्यायचा असेल तर द्यावा, मी अडवत नाही. घर मात्र त्याने मागू नये.

कलम ६. पुढचा ओटा तात्याबास द्यावा. त्याने त्यावर बसून पाहिजे तेव्हा पत्रा ठोकावा.

कलम ७. शिवकांताची इरकली लुगडी पेटीत आहेत. जावयाने दुसरे लग्न केले, चांगले केले, त्याला लेकरे आहेत. एक लुगडे त्याच्या बायकोस द्यावे. बाकीची छबुबाईस. मला आमच्या रीतीने शिवकांताशेजारी पुरावे. जंगमांस दक्षिणा व शिधा द्यावा. तिच्या आणि माझ्या समाधीत भिंत घालू नये.

कलम ८. शेवटचे विठ्ठलरावांना सांगणे आहे. हा कागद अदालतीत वाचला जाईल तेव्हा तुम्ही समोर असाल. तुमच्या वकिलांना म्हणावे, सनई का वाजली नाही ते मला विचारा. तुम्हांला ठाऊक आहे. ती तुम्ही थांबवली होती, एका परक्या पोरीला श्वास घेता यावा म्हणून. तुमच्या हातून झालेल्या त्या पुण्याचा आधार घेऊन तुम्ही आज आपल्या सुनेला ठेवलेली बाई म्हणता. सनई ऐकू आली नाही एवढे खरे. ती मुलगी तुमची सून आहे हेही तितकेच खरे. निकाल काय लागेल तो मला कळणार नाही. तुम्ही खरे सांगितले तर छबुबाईला अन्नवस्त्र मिळेल. नाही सांगितले तरी तिच्या डोक्यावर छप्पर राहील, ते मी केले आहे. पण घर देऊन तिचे नाव परत देता येत नाही. ते तुमच्याकडे आहे.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून ऐकले, बरोबर आहे. याचा उर्दू तर्जुमा सोबत जोडला आहे.

मुक्काम परळी, माघ वद्य पंचमी, शके १८५३, सन १३४१ फसली.

उमाबाई, मयत शिवलिंगप्पा यांची विधवा
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
मल्लिनाथ जंगम, मठ परळी, सही दस्तुरखुद्द
कौशल्याबाई, राहणार परळी, निशाणी अंगठा. लग्नाच्या दिवशी मी वाढायला होते. वर लिहिले ते माझ्या डोळ्यांसमोर झाले.

लिहिणार उत्तरेश्वर अर्जनवीस, परळी