व्ही.पी.नं आलेलं कानाचं मशीन

९ जानेवारी १९७८
व्ही.पी. आली. मी ड्यूटीवर होते. अण्णांनी डब्यातले पैसे पोस्टमनला दिले, सही केली आणि पार्सल न फोडता माझी वाट बघत बसले.
त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात गेलं. कान तिथंच राहिले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून परक्या लोकांची बोलणी जोडून देते, आणि घरी आले की ज्यांच्याशी बोलायचं त्यांना ऐकू येत नाही. म्हणून पेपरातली जाहिरात बघून दिल्लीहून हे मागवलं. पावणेदोनशे रु.
काळी डबी, खिशाला अडकवायला चिमटा, वायर, कानात घालायचं बोंड. दिसायला झकास. अण्णांनी लावलं.
"येतंय का ऐकू?"
"आं?"
उद्या सेल बदलून बघू.

१० जाने.
नवा सेल. काही नाही. सुरीच्या टोकानं मागचा स्क्रू काढला. आत सेलची जागा, आणि वजनासाठी बसवलेला वाळल्या मातीचा गोळा. बस्स. वायर कशालाच जोडलेली नाही. बटण नुसतं फिरतं.
राग यायला पाहिजे होता. आला, पण नंतर. आधी डोक्यात आलं की हा गोळा बसवणारं माणूस कसं असेल? दिवसभर हेच काम? घरी जाऊन काय सांगत असेल?
अण्णांनी डबी उलटीपालटी केली. म्हणाले, "पर काम सफाईदार हाय."

११ जाने.
सुट्टी घेऊन पोस्टात. काउंटरवरचा म्हणाला, "व्ही.पी. सोडवली म्हणजे विषय संपला. आता कंपनीला लिहा."
मी विचारलं, "पण पैसे आत्ता, या घटकेला, कुठे आहेत?"
त्याला वाटलं मी भांडतेय. आतून पोस्टमास्तरांनी मान वर केली. म्हातारे, गळ्याला मफलर. "काय विचारलंत? परत विचारा."
परत विचारलं. ते उठूनच आले. पैसे मनीऑर्डरनं जातात. कंपनीच्या हातात पडेपर्यंत ते पोस्टाकडेच. फसवणुकीची तक्रार आली तर वरचे अधिकारी ते अडवू शकतात, परत करू शकतात. असा नियम आहे असं त्यांना पुसट आठवत होतं. "वापरायची वेळच आली नाही कधी." मग कपाटातून जाडजूड पुस्तक काढून आम्ही दोघं शोधत बसलो. सापडला तेव्हा मास्तर माझ्यापेक्षा खूष.
अर्ज तिथंच लिहिला. दिल्लीला तार केली, पैसे थांबवा म्हणून. मशीन चौकशीला लागेल, जपून ठेवा म्हणाले.
कोणीतरी मधे उभं राहून पैसे धरून ठेवू शकतं, हे माहीतच नव्हतं.

१४ जाने.
संक्रांत. अण्णा मशीन लावून गड्ड्याच्या जत्रेला निघाले. जपून ठेवा म्हटलंय, आणि त्यात माती आहे, असं कागदावर लिहून दाखवलं. "आसूदे की."
दिवेलागणीला आले ते खुशीत. शेजारच्या नरसम्माकाकू, एरवी दार वाजवून तीळगूळ ठेवून जातात, आज समोर उभ्या राहून बोलल्या. जाताना मला म्हणाल्या, "मशीन लई चांगलं आहे की वो. अण्णा ऐकतेत आता."
मी हो म्हटलं.

१७ जाने.
चार दिवस नजर ठेवली. वायर दिसली की माणूस थांबतो. समोर येतो. तोंड उघडून, सावकाश बोलतो. आणि अण्णा ओठ बघतात. एरवी लोक बोलत बोलत पुढं निघून जातात. मी सुद्धा. चुलीकडं तोंड करून बोलते आणि मग 'ऐकत नाहीत' म्हणून चिडते.
खात्री करायला मीच कानात बोंड घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. "सा-ख-र? कि-ती?" त्यानं बोटं दाखवली. रस्ताभर हसू दाबलं.

२१ जाने.
कंपनीचं पत्र. इंग्रजीत. मशीन तपासून पाठवलं होतं, तुमच्या हाताळण्यानं बिघडलं. तक्रार मागे घ्या, नवं मॉडेल फुकट पाठवतो.
मास्तर म्हणाले, "पत्र लिहितायत ना? म्हणजे पैसे अडलेत." दोन्ही हात चोळले.
अण्णांना विचारलं, नवं घ्यायचं? "त्यात बी मातीच आसंल. हेच बरं हाय."

३१ जाने.
पोस्टाचे इन्स्पेक्टर आले. पार्सल अण्णांच्या नावावर, तेव्हा जबाब त्यांचाच. मशीन पिशवीत ठेवा म्हणून घरी दहादा सांगितलं. लावूनच पोस्टात आले.
इन्स्पेक्टरनी वायर बघितली, खुर्ची पुढं ओढली, मोठ्यानं विचारलं, "नाव काय आपलं?" अण्णांनी सांगितलं. गाव? "जेऊर, करमाळा तालुका." काम? "गिरनीत हुतो." एक उत्तर चुकलं नाही.
इन्स्पेक्टरनी पेन खाली ठेवलं. "बाई, ह्यांना तर ऐकू येतंय."
मी स्क्रू काढून गोळा दाखवला. म्हणाले, "तो दिसतोय हो. पण मी बोललो, यांनी उत्तर दिलं. डोळ्यादेखत घडलेलं मी लिहायचं नाही का?"
मास्तर म्हणाले, काढून विचारा. काढलं. आता इन्स्पेक्टर नेहमीच्या आवाजात, कागदाकडे बघत विचारायला लागले. अण्णा नुसते बघत राहिले. झालं. मशीन लावलं की ऐकू येतं, काढलं की येत नाही. कंपनीला ह्याहून काय पाहिजे.
मी म्हटलं, "साहेब, मघाचसारखं विचारा. तसंच समोर बघून, तेवढ्याच मोठ्यानं." त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण विचारलं. "जे-व-ला-त का?"
"जेऊरचा की. मघाशी सांगितलं न्हवं?"
मास्तर हसले. मलाही हसू आलं, पण मनात म्हटलं, पावणेदोनशे गेले.
मग इन्स्पेक्टरनी डबीवर बोट ठेवलं. "तुम्हीच सांगा. ह्यातनं आवाज येतो का?"
अण्णा माझ्याकडे बघेनात. डबीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आवाज न्हाई. पर हे घातलं की मानूस थांबतंय."
"असंच लिहू?"
"लिवा."
त्यांनी शब्दाला शब्द लिहिलं. खाली अण्णांची सही. मशीन कापडात शिवून लाखेचा शिक्का मारला, पुण्याला वरच्या अधिकाऱ्यांकडे जाणार. शिक्का निवेपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत.

६ फेब्रु.
अण्णा ओट्यावर बसून. कोपऱ्यापर्यंतही जात नाहीत. नरसम्माकाकू चालता चालता काहीतरी बोलून गेल्या, ते मान हलवत राहिले. मी काही सांगायचं झालं की भाकरी टाकून समोर जाऊन बसते, तेवढं ध्यानात ठेवलंय. काल विसरलेच.
मास्तरांना विचारलं, निकाल लागल्यावर मशीनचं काय? म्हणाले, "तुमच्या बाजूनं लागला तर पैसे तुम्हाला, मशीन कंपनीला. विरुद्ध लागला तर मशीन तुम्हाला."
घरी येताना त्याचाच विचार. नुसती वायर घालायला काय हरकत? हेडफोनची जुनी वायर एक्स्चेंजमध्ये मिळेल. अण्णांना तसं सुचवलं. म्हणाले, "ती खोटी हुईल."
मग मशीनची काय खरी होती, असं मनात आलं. 

१३ फेब्रु.
पुण्याहून कार्ड. प्रकरण विचाराधीन आहे. अर्जदाराला आणखी काही सांगायचं असल्यास आठवड्यात लेखी कळवावं.
अण्णांसमोर बसून सगळं सांगितलं. सावकाश. पैसे किंवा मशीन, दोन्हीतलं एकच. त्यांनी नीट ऐकलं, म्हणजे बघितलं.
"तुजं काय म्हननं?"
माझं काय म्हणणं. फसवणाऱ्याला पैसे जाऊ नयेत. आणि अण्णांनी पुन्हा कोपऱ्यावर जावं. दोन्ही सांगितलं.
"मंग लिव," म्हणाले.
"दोन्हीतलं काय लिहू?"
पेन उघडून, माझं तोंड दिसेल असं उजेडात बसलेय. ते अजून विचार करतायत.