रुखवतातली पेटी

१२ जून १९३८, सापगाव

आजही नाही उघडली! लग्नाला महिना झाला, पण या घरात दुसरा विषय नाही. नांगर दुरुस्तीला आलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "काय रे जयराम, सासऱ्याची पेटी उघडली का?" मग नांगराचं बोलतो.

(लिहिलं मी यांचं नाव. इथं कोण ऐकतंय!)

सगळा दोष आबांचा. रुखवतात नवरदेवाची फजिती करायला काहीतरी ठेवतातच — कापूस भरलेली करंजी, मातीचा लाडू. नवरदेव फसतो, लोक हसतात, संपलं. पण माझे आबा म्हणजे मुरबाडचे राघो सुतार! त्यांनी पेटी ठेवली. सागाची, हातभर लांब, चारी बाजूंनी वेल कोरलेला, पानापानाच्या शिरा दिसतात. कुलूप नाही, किल्ली नाही, बिजागरी नाही. चार कोपऱ्यांना चार खुंट्या तेवढ्या. आणि भर मांडवात आबा म्हणाले, "जावईबापू, तुमी बी सुतार, मी बी सुतार. एकात एक अशा तीन पेट्या हायत. तिसरी उघडली का पोरीला घेऊन मुरबाडला या. तवर यायचं नाय!"

मांडव हसला. आणि हे — चारचौघांत कधी तोंड न उघडणारे हे — म्हणाले, "कबूल."

झालं! आता पेटी उघडेपर्यंत मला माहेर नाही. आई मला आठवतसुद्धा नाही. वेणी घातली ती आबांनी, हात धरून शाळेत नेऊन बसवलं तेही आबांनी. महिनाभर आबांचं तोंड पाहिलं नाही असं जन्मात झालं नव्हतं.

१९ जून

आज यांनी खुंटीच्या फटीत पटाशी घातली. वेलाच्या पानाचा टवका उडाला. मी ओरडले! आत्याबाईंच्या देखत, नवऱ्यावर, महिन्याची सून! आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला.

यांनी पटाशी खाली ठेवली नि गाड्याच्या चाकापाशी जाऊन बसले. दिवे लागायच्या सुमाराला परत आले आणि म्हणाले, "कार्ड लिव. आबांनाच इचार कसं ते."

"हार मानली का?" मी म्हटलं.

"इचारायचं नाय असं कुठं ठरलं होतं?" — हे म्हणजे अगदीच मुके नाहीत तर!

२ जुलै

आबांचं कार्ड! अक्षर माझ्या शाळेतल्या बापट मास्तरांचं. "हाताला लागले आहे म्हणून मास्तरांकडून लिहवतो." आबांच्या हाताला हत्यार लागलं? नवलच. कार्डात खुशाली, गाईला वासरू झालं, आणि शेवटी एकच ओळ — "खुंट्या चार आहेत. जावयाला हात किती?"

वाचून दाखवलं तर हे पेटीकडे बघत बसले. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मला कळायच्या आधी आत्याबाईंना कळलं! "बसा की दोगं समोरासमोर. दाबा एकदम."

भर दिवसा, पडवीत! मी मान वर करीना. आत्याबाई म्हणाल्या, "अशी नाय. नाव घे नि दाब." समोर राहणारी बारकी पण येऊन बसली, तिला काम नव्हतंच. घेतलं नाव —

सागाच्या पेटीला खुंट्या चार,
जयरामरावांचा हात लागताच उघडलं दार!

आणि उघडलं!! चारी खुंट्या एकदम आत गेल्या, झाकण आपोआप बोटभर वर आलं. आत दुसरी पेटी, आणि बाजूच्या जागेत माझे पाच सागरगोटे. मी घरी विसरून आले होते ते.

आत्याबाई चांगल्या खेळतात. तीन डाव हरले मी.

१७ जुलै

आखाड चाललाय. गावातल्या नव्या सुना एकेक करून माहेरी निघाल्या. मी आबांना विचारलं होतं — पेटीचं राहू द्या, आखाडापुरतं न्या मला. आज उत्तर आलं. "शब्द म्हणजे शब्द. पेटी उघडा, मग दिवाळसणाला थाटात या."

माझेच आबा! इतके कठोर कधी झाले? लेक नकोशी झाली का एकदा दिली की? मी कार्ड चुलीत टाकणार होते. टाकलं नाही.

१८ जुलै

काल दिवसभर रडले. आज परड्यात बघते तर नवीन पाट. साधाच, पण कडेला वेल कोरायचा प्रयत्न! पानं कसली, बेडकं वाटतात. मी हसले तर म्हणाले, "आमी गाडेवाले. आमचा हात जाडा. तुझ्या आबांवानी कोरायला शिकायचंय." आणि चक्क लाजले.

पाटावर बसूनच जेवणार मी. बेडकं तर बेडकं.

३ ऑगस्ट

दुसऱ्या पेटीची खूण आली. "पोर रडली की मी काय करायचो, ते तिला विचारा."

हे माझ्याकडे बघतात. मला सांगायची लाज वाटते! लहानपणी मी रडायला लागले की आबा माझे पाय धरून मला उलटी टांगायचे. मी हसेपर्यंत सोडायचे नाहीत. शेवटी सांगितलं. हे इतके गंभीरपणे ऐकत होते, जणू कुणी माप सांगतंय. मग पेटी उचलली आणि उलटी केली.

काही नाही.

हलवली, वर थापट्या मारल्या. तरी नाही. पण उत्तर हेच असणार! आतली एखादी खुंटी आपल्या वजनाने खाली पडायला हवी, असं यांचं म्हणणं. मग पडत का नाही?

१४ ऑगस्ट

रोज उलटी करून बघतो. नाही. आबांना कार्ड टाकलं.

२३ ऑगस्ट

आबांचं उत्तर वाचून अजून हसू आवरत नाही. "खुंटी पडत नाही म्हणजे कुणीतरी तेल घातले आहे. गाडेवाल्यांच्या घरात दुसरे काय होणार!"

आम्ही दोघांनी एकदम आत्याबाईंकडे बघितलं. त्या उठून गाईला हाका मारायला लागल्या, गाय पुढ्यातच उभी! मग कबूल झाल्या. पावसात लाकूड फुगू नये म्हणून गाड्याच्या आसाला घालतात तसं करंजाचं तेल सगळ्या फटींत जिरवलं होतं — रोज, नेमाने, महिनाभर! "मला काय म्हाईत? या घरात लाकडाला तेल लावूनच जलम गेला माझा," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "माझ्यापायी पोरीचं माहेर अडलं गो."

यावर हे हसले. मोठ्यांदा, पोट धरून! लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं मी यांचं हसणं. मग आत्याबाई हसल्या, मग मी.

आबांचा उपाय — तेल पुसा, पेटी भाताच्या तुसात पुरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवा, भादवा सरेपर्यंत हात लावू नका. महिना गेला! पण मला राग येईना.

६ सप्टेंबर

बाईजा कासारीण बांगड्या घेऊन आली होती. मुरबाडच्या बाजाराहून आली म्हणून आधी आबांचं विचारलं.

"बरा हाय गो तुझा बा. ओट्यावर बसलेला असतो."

"कामावर?"

"बसलेला असतो," म्हणाली, आणि माझ्या हातात बांगडी चढवायला लागली.

चला, आयुष्यात पहिल्यांदा आबा जरा बसले! मी होते तेव्हा म्हणून म्हणून थकले, ऐकत नव्हते.

२५ सप्टेंबर

आज पेटी माळ्यावरून काढली. मी तूस झटकलं, यांनी पेटी उलटी केली. आतून टक् असा आवाज आला! आत्याबाई देवापुढे साखर ठेवायला धावल्या. तळाची फळी सरकली, आत तिसरी पेटी.

हे तिन्ही पेट्या शेजारी ठेवून किती वेळ बघत होते. म्हणाले, "बाहेरच्या पेटीला केवढं कोरीव काम! मधलीला नुसत्या दोन रेघा. तिसरीला काहीच नाय." मी म्हटलं, आत कोण बघतं, म्हणून सोडलं असेल. "नाय," म्हणाले, "सांधे बघ. सांध्यात केस जायचा नाय. कसर कुठंच केली नाय."

आबांचं असं कौतुक कुणी केलं की मला चार घास जास्त जातात. हे करतात तेव्हा तर सहा.

२ ऑक्टोबर

खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. आत्याबाईंनी तिसरी पेटीसुद्धा त्यात नेऊन ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आता दसरा होईतो हत्याराला हात लावायचा नाही, म्हणजे पेटीलाही नाही! मी कुरकुरले. हे म्हणाले, "बरं झालं. परवापासून डोस्कं दुखतंय माझं."

दिवाळीला वीसच दिवस. नाही उघडली तर? यांना विचारलं. म्हणाले, "मग मी मुरबाडला जाऊन सगळ्यांदेखत हरलो म्हणून सांगतो. तुला नेतोच."

मांडवात "कबूल" म्हणणारा माणूस हा! मी तोंड फिरवून चुलीत फुंकर घालत बसले. डोळ्यांत धूर गेला असं सांगितलं.

९ ऑक्टोबर

उघडली!!

नीट लिहिते. सकाळी कार्ड आलं. फक्त एवढंच — "डोळे मिटा. दोघांनीही." बाकी खुशाली नाही, काही नाही.

दुपारी पडवीत बसलो. डोळे मिटले. हे पेटीवरून बोटं फिरवायला लागले, मीही. आधी नुसतं गुळगुळीत लागतं. डोळे उघडे असताना दहा वेळा बघितली होती, सगळ्या बाजू सारख्याच. पण मिटून हळूहळू बोटांना कळायला लागलं — लाकडाची रेघ कुठे चढते, कुठे उतरते. मध्येच माझी बोटं यांच्या बोटांना लागली. कुणी काढून घेतली नाहीत. आत्याबाई बहुतेक बघत होत्या. बघोत!

"हितं," हे म्हणाले. "रेघ उलटी जाते."

खरंच, अंगठ्याएवढ्या जागेत रेघ उलटी होती. तिथे यांनी दाबलं, मी सरकवलं. लोण्यातून सुरी जावी तशी फळी गेली.

आत आबांची बारीक पटाशी. कोरीव कामाची, त्यांच्या वडिलांच्या हातची. तिच्याशी मला लहानपणी खेळूसुद्धा देत नसत.

आत्याबाईंना केवढा आनंद! "जावयाचा मान केला गो, घरानं हत्यार दिलं!" पेढे नाहीत म्हणून गूळ वाटला, बारकीला दोनदा मिळाला. मीही नाचायची बाकी होते — दिवाळसण! आबा! मुरबाड!

हेच एकटे पटाशी हातात घेऊन बसलेले. मी म्हटलं, "आवडली नाही का?"

"हात चालत असलेला सुतार ही पटाशी देत नाय," म्हणाले.

मी म्हटलं, जावई बेडकं कोरणार हे आबांनी आधीच ओळखलं असेल. हसले नाहीत.

१० ऑक्टोबर

हे म्हणतात दिवाळीला थांबायचं नाही, परवाच निघायचं. मी कशाला नाही म्हणू? आत्याबाईंनी रातोरात करंज्या करायचं ठरवलंय. खऱ्या सारणाच्या!

११ ऑक्टोबर

लुगडं कोणतं नेसू? आबांना हिरवं आवडतं. हिरवंच.

१२ ऑक्टोबर, मुरबाड

गाडी थांबायच्या आत मी उडी मारली. आबा ओट्यावर बसले होते. पावलं न वाजवता धावत गेले आणि हातभर अंतरावर अगदी समोर उभी राहिले, गप्प. आधी कोण हसतं, हा आमचा जुना खेळ.

आबा गाडीच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "जावईबापू, एकलेच आलात? माझी पोर कुठाय?"

डोळे उघडे होते त्यांचे.