तो ‘उचलली’ म्हणाला तेव्हा

आई, आज कोर्टातून आले ती तशीच खुर्चीत बसून राहिले आहे. घरी कुणाला सांगावं तर आधी सगळी केस समजावून सांगावी लागेल. तुला तेवढं सांगावं लागणार नाही, असं उगाच वाटतं.

माझा एक अशील आहे. तिशीचा, धडधाकट, अंबडच्या एका कारखान्यात माल चढवायच्या कामाला होता. कान चांगले आहेत, पण लांब वाक्य ऐकलं की त्याचा गोंधळ उडतो आणि स्वतः बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत. लहानपणापासून तसंच. समोरचा रागावू नये म्हणून तो सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो. तांब्याची तार चोरल्याचा आरोप आहे त्याच्यावर. आज जज मॅडमनी आरोप एका दमात वाचून दाखवला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?” तो म्हणाला, “हो, साहेब.” मी उठून म्हटलं, “मॅडम, त्याला प्रश्न कळलेला नाही. तो कशालाही हो म्हणतो.” सरकारी वकील म्हणाले, “कबूल केल्यावर बरं आठवलं.” मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “काल तुम्ही विमानानं दिल्लीला गेला होतात?” “हो, साहेब.” मागच्या बाकांवर हशा पिकला. सगळे हसले म्हणून तोही हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. हातातला कागद बाजूला ठेवून त्यांनी हळू विचारलं, “तार कुणी घेतली?” तो बराच वेळ कठड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मी उचलली.”

उचलणं म्हणजे हातानं उचलणं, आणि चोरणंही. कंपनीत विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि त्या एका शब्दावर केस उभी आहे. टाइप करणाऱ्याची बोटं चालू झाली. मी अर्धी उठले होते. ‘उचलली म्हणजे गाडीत चढवली’, एवढंच तर सांगायचं होतं. आणि एकदम नाशिक रोडचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. मामा जेवायला बसलाय, या अशिलासारखाच अडखळत, फळीकडे हात करून शब्द शोधतोय, आणि मी घाईनं म्हणते, “साखर हवी ना, मामा?” तो बिचारा मान डोलावतो. तू मला दटावतेस, “त्याचं बोलणं तू बोलू नकोस. थांब जरा.” तव्यावरची पोळी करपली तरी तू थांबलीस. मग मामा म्हणाला, “लोणचं.”

मी खाली बसले. माझे शब्द त्याच्या तोंडी गेले असते तर ते वकिलानं पढवलेलेच ठरले असते. मॅडमनी विचारलं, “उचलून कुठं ठेवली?”

“ट्रकात.”

“का?”

तो पुन्हा अडला. मग म्हणाला, “सुपरवायझर बोलला. उचल. ट्रकात टाक.”

मॅडमनी ‘गुन्हा नाकबूल’ असं नोंदवलं. पुढच्या तारखेपासून त्याच्याशेजारी त्याची बोलण्याची पद्धत जाणणारं माणूस बसेल, प्रश्न छोटे आणि एका वेळी एकच, असंही सांगितलं. जिना उतरेपर्यंत मला हलकं वाटलं. आता वाटत नाही. तो सुपरवायझरच त्यांचा मुख्य साक्षीदार आहे आणि तो अस्खलित बोलतो. अस्खलित बोलणाऱ्याचं लोकांना पटकन पटतं. मधेच मॅडमची बदली झाली तर नवे साहेब इतके थांबतील का, तेही माहीत नाही. मीही दर वेळी थांबेन याची मला खात्री नाही.

तू तर आता नाहीस, मग हे पत्र कुठं टाकणार? फाइलमध्येही ठेवता येणार नाही. एक मात्र तुलाच सांगते. तुझं ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं, पण तुझा आवाज नाही आठवला. ते मी माझ्याच आवाजात ऐकलं.