ए, एल, टी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आजअखेर एकवीस शब्द. इंग्रजी, पाच अक्षरी, ज्यांत ए, एल आणि टी ही तिन्ही आहेत. कुंभकोणमच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापकाचे हे संशोधन! विद्यापीठाला कळले तर पदवी परत मागवतील.

प्रश्न माझ्या पत्नीचा, अंबुजेचा. गेल्या वर्षी, तिच्या अखेरच्या सकाळी, कॉफी पुढे ठेवून तिने विचारला. गल्लीतल्या बायकांचा काही खेळ होता — दोन-तीन अक्षरे दिलेली, त्यांवरून शब्द ओळखायचा. "पाच अक्षरं. त्यांत ए, एल, टी. सांगा की!"

मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. म्हणालो, "शब्दकोश कपाटात आहे. पाय आहेत ना तुला?"

दुपारी चार वाजता ती गेली. हृदय बंद पडले. पाय शाबूत होते.

वर्षश्राद्ध बारा तारखेला. त्यापूर्वी उत्तर काढायचे. वर्षश्राद्धानंतर गेलेला जीव पितरांत मिसळतो म्हणतात. तेवढ्या गर्दीत कोण कुणाला हाक मारणार? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी बारा तारखेच्या आतच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तीन शब्द वाढले. दोन वेळा चष्मा शोधला. प्रगती समाधानकारक!

बुधवार, ५ फेब्रुवारी

श्रीविद्येचा बंगळूरहून दूरध्वनी.

"अप्पा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"चोवीस शब्द."

कन्यारत्न हसले नाही. म्हणाली, "शब्दकोश चाळत काय बसता! फोनमध्ये अक्षरं घातली की एका क्षणात यादी येते. थांबा, पाठवते."

आली. पडदाभर शब्द! त्यांतले कित्येक मी जन्मात ऐकलेले नाहीत. यंत्राने मला माझ्याच विषयात नापास केले, तेही मुलीच्या देखत.

पण यादी म्हणजे उत्तर नव्हे. यांतला कोणता तिला हवा होता, हे यंत्राला कुठे ठाऊक आहे?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

छाटणी आरंभली. 'फेटल' — प्राणघातक. खोडला, बायका सकाळी सकाळी एवढा भडक शब्द घेणार नाहीत. 'ऑल्टर' — चर्चमधली वेदी. खोडला, या साऱ्या नागेश्वराच्या देवळात जाणाऱ्या. 'ग्लोट' — दुसऱ्याच्या फजितीवर मिटक्या मारणे. हा माझ्या स्वभावाचा शब्द, तिच्या नव्हे. खोडला.

'लेटर' — नंतर. हा मी तिला बेचाळीस वर्षे दिला. पट्टीश्वरमच्या देवीला जाऊ या? नंतर. जेमतेम अर्ध्या तासाची वाट! निवृत्तीनंतर नक्की, असेही एकदा बजावले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली.

खोडला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

स्वतःच्या बचावार्थ नमूद करतो: तेवढी एक सकाळ वगळता मी तिला कधीही विन्मुख पाठवले नाही. चार वर्षे, रोज एक शब्द. नुसते उत्तर नव्हे — लॅटिन मूळ, अर्थच्छटा, वापराची दोन उदाहरणे. पदर खोचून ती समोर बसे आणि मान डोलावी. मी एवढा रंगत असे की कॉफी निवून जाई. ती उठून दुसरी करून आणी. "अस्की तुम्हांसच ठाऊक!" म्हणे. अस्की म्हणजे सगळे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना इकडच्या आमच्या मराठीतला हा शब्द कळेना. मला वाटते, त्यांना तिच्या सुरातला खवचटपणाही कळला नाही. मला तरी कुठे कळला?

तेव्हाच्या अकरावीपर्यंत शिकलेली बाई. शिकवण्याचे समाधान मिळे.

उरलेला दिवस मी फारसा बोलत नसे. प्राध्यापकाला घसा जपावा लागतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

श्राद्धाची तयारी सांगायला वाध्यार, म्हणजे आमचे पुरोहित, येऊन गेले. तीळ, दर्भ, केळीची पाने एवढे सांगून म्हणाले, "अंबुजा मामींना काय आवडायचं, सार्? तेवढं पानात वाढायला हवं."

मी विचार केला. बराच केला.

"सांगता येणार नाही," म्हणालो.

वाध्यारांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी कोऱ्या उत्तरपत्रिका देणाऱ्यांकडे पाहत असे. "बेचाळीस वर्षं, सार्!"

हिशेब बरोबर होता.

उद्या शेजारच्या अलमेलू मामींना विचारावे. त्याही त्या खेळात होत्या. वर्षभर विचारले नाही — इंग्रजीच्या प्राध्यापकाने शेजारणीकडे पाच अक्षरांची भीक मागायची! मानापमान जपता जपता आता दोनच दिवस उरले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मामी तुळशीला पाणी घालत होत्या. कुंपणावरूनच विचारले: शेवटच्या दिवशीचा तो शब्द कोणता होता?

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आम्हाला कसा ठाऊक असणार, सार्? पहाटे तुमच्या दारापुढच्या रांगोळीच्या कडेला अंबुजाच अक्षरं घालायची. जाता-येता ती बघून आम्ही दिवसभर डोकं खाजवायचो. संध्याकाळी देवळात ती उत्तर सांगायची. त्या संध्याकाळी कोण सांगणार? शब्द रोज तिचाच असायचा."

वर्तमानपत्र उचलताना ती रांगोळी मी रोज ओलांडली असणार.

आणि आत येऊन, कॉफी पुढे ठेवून, स्वतःचाच शब्द ती मला विचारत होती. चार वर्षे.