पाण्यातून थेट सायकलवर

४ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: या वर्षी ट्रायथलॉनमध्ये मेहुण्याला हरवायचं. गेल्या वर्षी तो माझ्या एक मिनिट चाळीस सेकंद पुढे होता. काल निकालाचा कागद पुन्हा पाहिला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोहून बाहेर आल्यावर सायकलवर बसायला त्याला साडेतीन मिनिटं लागली, मला पाच मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे बाकी सगळ्यात मीच चाळीस सेकंद सरस! हरलो ते नुसतं हेल्मेट-बूट चढवण्यात. याला ट्रान्झिशन म्हणतात.

बायकोची अट: या वेळी हरलो तर हॉलमधली सायकल विकायची आणि तिथे मुलीचं अभ्यासाचं टेबल आणायचं. बेधडक हो म्हटलं. मुलगी लगेच माप घ्यायला लागली. घरात विश्वास म्हणून नाही.

११ जानेवारी
पोहण्याचे सर म्हणाले, साडेसातशे मीटरला तुम्हाला सत्तावीस मिनिटं लागतात, तीस झाली की बाद करतात, आधी दम वाढवा. सर जुन्या वळणाचे. पोहणं म्हणजे ट्रान्झिशनच्या आधीचा भाग, हे त्यांच्या गावीही नाही.

१९ जानेवारी, सकाळी ७
घरी सराव सुरू. बाथरूम हा तलाव. दोन बादल्या अंगावर, मग पळत हॉलमध्ये. वाटेत टोपी-गॉगल काढायचा, हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. तसा नियमच आहे. मुलगी मोबाईलवर वेळ लावते. ३.४०. हॉलभर पाणी. बायको म्हणाली, पुसायलाही वेळ लाव. दुर्लक्ष केलं.

३ फेब्रुवारी
नवं तंत्र: बूट आधीच पेडलला अडकवून ठेवायचे, आत पावडर, पाय घालताना हात लावायचा नाही. ऑफिसात टेबलाखाली सराव केला. एक बूट सटकून थेट साहेबांच्या खुर्चीखाली गेला. विम्याच्या क्लेम्सचा तिमाही आढावा एका बुटात उभं राहून दिला. साहेबांना वाटलं, पाय मुरगळलाय. मी हो म्हणालो. त्यांनी लवकर सोडलं. घरी येऊन २.१५.

१० फेब्रुवारी
आज पोहायला जाणारच होतो. पण ओल्या केसांवर हेल्मेट नीट बसत नाही असं आढळलं. सगळे केस काढून आलो. पोहणं उद्या.

११ फेब्रुवारी
उद्या.

२ मार्च
१.०४!! मेहुण्याला सहज फोन करून सांगितलं. तो म्हणाला, वा दाजी, पण पोहणं काय म्हणतंय? जळतो. लपवता येत नाही बिचाऱ्याला.
पोहायला आतापर्यंत चारदा गेलो. त्यात दोनदा टॉवेल विसरल्यामुळे परत आलो.

१५ मार्च, पहाटे ५.३०
शर्यत. सायकल रांगेत लावली. शेजारच्या स्पर्धकाला बुटातल्या पावडरीचं महत्त्व समजावलं. तो पाणी पिऊन येतो म्हणून गेला, अजून आलेला नाही. मन शांत आहे.

१५ मार्च, दुपारी
नीट लिहून ठेवतो. पाणी थंड होतं. जिथून वळून परत यायचं तो पाण्यातला फुगा कोणीतरी लांब सरकवला असावा. पण बाहेर आल्यावर मी जे केलं त्याला तोड नाही. टोपी, गॉगल, हेल्मेट, पट्टा, सायकल, सगळं एका झटक्यात. दोन्हीकडून लोक ओरडत होते, काका, थांबा, थांबा! मला वाटलं, वेग बघून घाबरले. सायकलवर चढायच्या रेषेपाशी पंच हात पसरून उभे. म्हणाले, तुम्ही तेहतीस मिनिटांनी बाहेर आलात, तुम्ही केव्हाच बाद आहात. मी विचारलं, पण माझा ट्रान्झिशनचा वेळ किती? म्हणाले, लावलाच नाही.
मुलीने लावला होता. एक मिनिट दोन सेकंद.

२२ मार्च
सायकल सकाळी गिऱ्हाईक घेऊन गेलं. संध्याकाळी मेहुणा सासूबाईंना घेऊन जेवायला आला. चांगला वागला, तेच सहन होत नाही. म्हणाला, आई, दाजींचा ट्रान्झिशन सगळ्यांत फास्ट होता. सासूबाईंनी विचारलं, ते काय असतं? मी जरा सावरून बसलो. पाण्यातून बाहेर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ, असं नीट समजावलं. त्यांना फार कौतुक वाटलं. म्हणाल्या, मग बसलात ना सायकलवर?
नाही म्हणालो.
कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.